मिस्त्रींनी कळ काढली

मिस्त्रींचा हात टाइपरायटरला लागला तो मिसरूड फुटायच्या आधी, आणि सुटला तो टाइपरायटरच जगातून उठले तेव्हा. मधली सगळी वर्षं खांद्याला कातडी पिशवी, पिशवीत पेचकस, चिमटे, तेलाची कुपी, दात घासायचे जुने ब्रश, आणि आज या कचेरीत तर उद्या त्या. लोक त्यांना मिस्त्री म्हणायचे, बायको अहो म्हणायची, आणि थोरला भाऊ म्हणायचा कळीचा नारद. का, तर नारद भांडणाची कळ लावतो आणि हा टाइपरायटरची लावतो, फरक तेवढाच.

ज्या उस्तादाच्या हाताखाली ते शिकले तो तोंडाचा फटकळ आणि हाताचा हलका. त्याचं शास्त्र एका ओळीचं होतं. यंत्र कुठलंही येवो, तक्रार कसलीही असो, उस्ताद म्हणायचा, "आधी कळ काढ, मग अक्कल काढ." म्हणजे अडलेली कळ आधी उपसून बाजूला ठेव, खाली काय घाण साचलीय ते बघ, आणि मगच डोकं चालव. कळ काढ, पूस, तेल दे, बसव. हे शब्द मिस्त्रींच्या कानात असे मुरले, की झोपेत कोणी "कळ काढ" म्हटलं असतं तरी त्यांचा हात उशाखाली चिमटा शोधायला गेला असता.

किस्से तर त्यांच्याकडे पोत्याने. एका कचेरीतल्या यंत्राचा 'अ' मोडला. आता एक 'अ' मोडला म्हणून काय आभाळ कोसळतं? पण त्या यंत्रावर रजेच्या अर्जांचे शेरे टाइप व्हायचे. साहेब सांगायचे, "रजा अमान्य." टायपिस्ट बाई इमानाने बडवायच्या, आणि कागदावर उमटायचं, रजा मान्य. मधे थोडी मोकळी जागा राहायची, पण मोकळी जागा कोण वाचतो? साहेब सही ठोकून मोकळे. मिस्त्री दुरुस्तीला पोचले तर अख्खी कचेरी त्यांच्याभोवती. "मिस्त्री, आधी चहा घ्या." "मिस्त्री, बसा हो, घाई कसली?" एकाने तर रुमालाने खुर्ची पुसून दिली. त्या दिवशी 'अ' काही बसला नाही, मिस्त्रींच्या पोटात चहाचं तळं मात्र झालं.

मग संगणक आले आणि मिस्त्रींची पिशवी खुंटीला गेली. माणूस मात्र खुंटीला जाणाऱ्यातला नव्हता. शेजाऱ्यांच्या छत्र्या, कुलपं, शिवणयंत्रं, काही ना काही मांडीवर घेऊन ते बसलेले असायचे.

आता थोरल्या भावाचं सांगायला हवं, कारण ही गोष्ट खरी अडते ती त्याच्यापाशी. दादा छापखान्यात मुद्रितं तपासायचा. त्याच्या नजरेखालून ऱ्हस्वाचा दीर्घ निसटून गेला असं कधी झालं नाही. घरी किराण्याच्या पुडीचा कागद आला तरी खिशातली लाल पेन्सिल निघायची. आणि नेमकी त्याचीच नजर गेली. आधी मधली गेली, मग कडेची. बायको त्याआधीच वारली होती, मुलगी नोकरीनिमित्त दुसऱ्या शहरात. खालच्या खोलीत दादा, वरच्या दोन खोल्यांत मिस्त्री आणि त्यांची बायको. दादा दिवसभर खाटेवर बसून राहायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच विचारायचा, "किती वाजले?" उत्तर मिळालं की म्हणायचा, "अजून एवढेच?"

मिस्त्री त्याला वाचून दाखवायला बसत. पण मिस्त्रींचं वाचन म्हणजे ओळीखाली बोट धरून चाललेली बैलगाडी, आणि वाटेत दिसेल त्या झाडाखाली मुक्काम. "राजा रथातून उतरला. आता रथ म्हणजे बघ दादा, त्याच्या चाकाचा आस जर..."

दादा कपाळाला हात लावायचा. "नारदा, पुस्तक वाच. पुस्तकाला शिकवू नकोस."

मग एकदा मुलीने तिचा जुना लॅपटॉप आणून दिला. वजनाने पाटा, दिसायला ओबडधोबड, पण त्यात एक प्रोग्राम होता. पुस्तक त्यात घातलं की एक बाई ते मोठ्याने वाचायच्या. आवाज सपाट, ना हसू ना आसू, हजेरी घेतल्यासारखा. दादाने पहिल्याच दिवशी त्यांचं नाव ठेवलं मास्तरीणबाई. मास्तरीणबाई चुकायच्याही भरपूर. "तीन कि.मी." आलं की म्हणायच्या "तीन की मी." मधूनच विरामचिन्हंही उच्चारायच्या, आणि "डॉ." दिसलं की ठणकावून सांगायच्या, "डॉ पूर्णविराम." दादाला आयतं काम मिळालं. तो खाटेवर बसल्या बसल्या बाईंच्या चुका काढायचा. "की मी नाही हो बाई, किलोमीटर! तुम्हाला कोणी नेमलं?" त्या दिवसापासून किती वाजले हे विचारणं बंद. कोणाची वाट बघायची नाही, कोणाला विनवायचं नाही. मनात आलं की बाईंना बोलावायचं, पुरे झालं की गप्प करायचं.

बोलावायची कळ कुठली आणि गप्प करायची कुठली, हे बोटांना कळावं म्हणून मिस्त्रींनी शक्कल लढवली. बायकोच्या जुन्या बटव्याचे दोन बारीक मणी उपटले आणि चपला चिकटवायच्या गोंदाने एकेक मणी एकेका कळीवर बसवला. मधल्या मोठ्या कळीवर एक, तिथे बाई बोलायला लागायच्या. डाव्या कोपऱ्यातल्या छोट्या कळीवर दुसरा, तिथे गप्प व्हायच्या.

"माझ्या बटव्याचे मणी!" बायको म्हणाली.

"दादाच्या डोळ्यांना लावलेत," मिस्त्री म्हणाले.

पुढच्याच आठवड्यातली गोष्ट. बाई एक खुनाची कादंबरी वाचत होत्या. शेवटचं प्रकरण चालू होतं. वाड्यातली सगळी माणसं दिवाणखान्यात गोळा झालेली. दादाचं म्हणणं, खून माळ्याने केला. मिस्त्रींचं म्हणणं, डॉक्टरने. मिस्त्री हे सगळं ऐकत नव्हते बरं का, ते फक्त रोज जिन्याच्या खालच्या पायरीवर छत्री दुरुस्त करत बसायचे. एकच छत्री, आठवडाभर. तर बाई म्हणाल्या, "फौजदाराने सगळ्यांकडे पाहिले आणि तो म्हणाला," आणि तेवढ्यात मिस्त्री पायरीवरून उठून म्हणाले, "दादा, चहा आणू का?"

दादाने कोपऱ्यातली कळ दाबली, भावाला दोन शब्द सुनावले, चहा घेतला आणि पुन्हा बाईंना हाक दिली. बाई बोलेनात. पुन्हा दिली. नाहीच. मग दादाने सगळं जग करतं तेच केलं, यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. आणि बसला बोंबलत. आवाज नाही, काही नाही. मिस्त्रींनी येऊन बघितलं तर नुसता निळा पडदा, त्यावर इंग्रजीच्या रांगा, आणि मधोमध एक चौकट.

मिस्त्रींकडे फोन होता तो साधा, बटणांचा. त्यावरून त्यांनी पुतणीला गाठलं आणि पडद्याचं वर्णन केलं. पुतणी संगणकाच्या कंपनीत, हुशार, पण डोळ्यांनी न बघता ती तरी काय सांगणार? म्हणाली, "आतली मांडणी बिघडलेली दिसतेय. मी दुरुस्तीची चकती बनवून कुरिअरने पाठवते. ती घालून यंत्र चालू केलं की ते चकतीवरून उठेल, मग पुढचं मी फोनवर सांगते."

"आणि बाई?" दादाने लांबूनच विचारलं.

मिस्त्रींनी फोन दादाच्या कानाला लावला. "बाबा, चकतीवरून आत शिरता आलं तर बाईंना वाचवू. नाहीतर रविवारी मी येते आणि यंत्र दुकानात देते. तिथे सगळं पुसून नव्याने टाकतील. मग त्या बाई नाही मिळायच्या. तो प्रोग्राम करणारी कंपनीच बंद पडलीय. पण आता नवे आवाज किती छान असतात!"

"ऐकली मी तुझ्या फोनातली एक. तिची गाडी सुटत असते."

"बाबा, सवय होईल."

"मला जी व्हायची ती झालीय," दादा म्हणाला आणि भिंतीकडे वळला. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "नारदा, किती वाजले?"

 मिस्त्रींनी वेळ सांगितली नाही, नुसतेच म्हणाले, "येईल रे चकती."

चकती आली. मिस्त्रींनी ती घातली, चालू केलं, निळा पडदा. काढून पुसून घातली, निळा पडदा. रोज पुतणीला फोन, रोज नवा उपाय, रोज निळा पडदा. इंग्रजी अक्षरं मिस्त्रींना येत होती, पण टाइपरायटरच्या खिळ्यांवरची, म्हणजे उलटी. सुलटं इंग्रजी वाचायचं तर त्यांना मनात एकदा आरसा धरावा लागायचा. त्यामुळे पलीकडे पुतणीला अर्धं कळायचं आणि अर्धं ती अंदाजाने जुळवायची.

शनिवार उजाडला. दादा आंघोळीला गेलेला. मिस्त्रींनी फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला.

"काका, चकती आत आहे?"

"आहे. लिहिलेली बाजू वर. पहिल्या दिवशी उलटी घातली होती, ते मी तुला सांगत नाही."

"बरं केलंत नाही सांगितलंत. चालू करा."

"केलं. घर्र घर्र करतंय... आलं."

"काय आलं?"

"निळं."

"परत?"

"डॉक्टर दारात उभा आहे गं पोरी, पण घरातलं कोणी कडी काढेल तर ना!"

"चकतीला पहिला नंबर द्यायला हवा. बाणाच्या कळीने खाली जा."

"जातोय. पण लगेच ती चौकट येते. बाहेर पडायचं का म्हणून विचारते. नाही म्हटलं की पुन्हा विचारते. पाहुण्याने उंबऱ्यावर पाय ठेवला की 'निघताय का?' म्हणणारी काही घरं असतात ना, तसलं आहे हे."

"बाहेर पडायची कळ कोणती सांगतंय ते?"

"कोपऱ्यातली. आपली बाईंना गप्प करायची."

"ती दाबून बघा बरं."

मिस्त्रींनी दाबली. भुवया वर गेल्या. "दाबली, पण दाबल्यासारखी लागत नाही."

"म्हणजे कशी?" पुतणी विचारत होती, तेवढ्यात तिच्या कचेरीत कोणीतरी हाक मारली. "आले, आले! काका, मला बोलावतायत. जरा कळ काढा, मी करतेच फोन."

फोन बंद झाला.

मिस्त्री क्षणभर फोनकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा असा उजळला, की त्या उस्तादाने वरून पाहिलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. इतके दिवस बाण, चकती, नंबर असल्या परक्या गोष्टी कानावर पडत होत्या. आज पोरगी पहिल्यांदा मुद्द्याचं बोलली! ते तरातरा जिना चढले, खुंटीवरची पिशवी काढली, आणि बायको "आता काय मोडायचंय?" विचारते तोवर खालीही आले.

यंत्र बंद केलं. चष्मा नाकावर ओढला. चपटा पेचकस कळीच्या कडेखाली अलगद सरकवला, अंगठ्याने आधार दिला, आणि मनगट किंचित वळवलं. टक्. कळ मण्यासकट तळहातावर आली.

"काय मोडलंस?" दादा पंचाने डोकं पुसत दारात उभा.

"मोडलं नाही. काढलं."

कळीखाली रबराचं एक इवलंसं बोंड होतं, आणि त्याच्या शेजारी मधाच्या रंगाचा वाळलेला थेंब. कळीच्या पोटालाही तसाच एक. मिस्त्रींनी तो नखाने खरवडला, बोटात चोळला, आणि त्यांना ओळख पटली. मणी चिकटवताना गोंद कडेने ओघळला होता. दादाने त्या दिवशी बाईंना गप्प करायला कळ दाबली ती खाली जाऊन चिकटली, ती वर आलीच नव्हती.

ते ब्रशने साफ करू लागले आणि म्हणाले, "दादा, एक सांगू का? चिडू नकोस."

"चिडायचं की नाही ते ऐकल्यावर ठरवीन."

मिस्त्रींनी गोंदाचं सांगितलं.

"म्हणजे," दादा सावकाश म्हणाला, "मास्तरीणबाईंचं तोंड तू चिकटवलंस."

तेवढ्यात फोन वाजला.

"हं काका, बोला. काही झालं नाही ना मधे?"

"झालं. काढली."

"काय काढली?"

"कळ. तू म्हणालीस ना."

 पुतणीचा आवाज एकदम वर चढला. "अहो काका! कळ काढा म्हणजे थांबा! धीर धरा!"

"मग थांबा म्हणायचं. काढा म्हटल्यावर मी काढणार."

दादा खाटेवर बसला आणि हसायला लागला. हसता हसता त्याने पंचा तोंडाला लावला. "पोरी, शब्द बरोबर, शुद्धलेखन बरोबर, अर्थ तेवढा पळून गेला. ही चूक मलासुद्धा मुद्रितात सापडली नसती!"

पुतणीही हसली, पण मधेच थांबली. "काका, कुठली काढलीत?"

"कोपऱ्यातली."

"खाली काही होतं?"

"गोंद. माझाच."

"म्हणजे ती कळ आजवर दाबलेलीच होती?"

"बसलेलीच होती. आता उठवली."

"अहो, मग बरोबर आहे! हे यंत्र सुरू होताना ती कळ दाबलेली असली की निळा पडदाच उघडतो. त्याला वाटतंय, कोणीतरी सारखं बोट ठेवून बसलंय! कळ राहू दे बाजूला. करा चालू. चकती आहे आत?"

"आहे."

"काळ्या पडद्यावर एकच ओळ येईल. ती आली की लगेच कोणतीही कळ दाबा, म्हणजे ते चकतीवरून उठेल. लगेच हं, ती ओळ थांबत नाही."

मिस्त्रींनी चालू केलं. घर्र घर्र झालं. निळं आलं नाही! काळ्या पडद्यावर पांढरी ओळ उमटली. मिस्त्रींनी मनात आरसा धरला आणि वाचायला घेतलं. "आली. पी... आर... ई..."

"वाचू नका काका, दाबा!"

"कुठली?"

"कोणतीही!"

"कोणतीही म्हणजे कुठली? नाव सांग."

"अहो कोणतीही! जी समोर दिसेल ती!"

"अगं, पण एक तर माझ्या हातात आहे!"

मिस्त्रींना आता कळींची धास्ती बसली होती. एक काढली तर एवढं रामायण. दुसरी दाबली तर काय होईल कोणी सांगावं? ओळीपुढे ठिपके वाढत गेले, आणि ओळ निघून गेली.

"गेली," मिस्त्री म्हणाले.

पुतणीने सुस्कारा टाकला. "असू दे. बंद करून परत..."

तेवढ्यात यंत्रातून चार सुरांची एक बारीक धून वाजली. दादा ताठ बसला. यंत्र नीट उठलं की रोज वाजणारी ती धून तो झोपेतही ओळखायचा.

"हे वाजलं ते काय होतं?" पुतणीने दबक्या आवाजात विचारलं. "काका, हात लावू नका. कशालाच."

मिस्त्रींनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. पडद्यावर रंग आले, मग चित्रं आली, मग दादाच्या पुस्तकांची रांग. पुतणी एकेक विचारत गेली, मिस्त्री एकेक सांगत गेले, आणि शेवटी ती म्हणाली, "काका, ते चकतीवरून उठलंच नाही. आपलं आपण उठलं. त्याला काही झालंच नव्हतं. ओळ आली तेव्हा कळ दाबली असतीत, तर आपण धडधाकट यंत्राची दुरुस्ती करत बसलो असतो. तुम्ही दाबली नाहीत ते बरं झालं!"

"मी थांबलो," मिस्त्री म्हणाले. "तू मघाशी थांबायला सांगितलंस ना."

"उद्या येते, पण न्यायला नाही, ऐकायला येते. आणि आता ती चकती काढा."

"काढा म्हणजे काढू, की थांबू?"

"काढा हो काका, काढा!"

चकती निघाली. मिस्त्री पिशवीतून बारीक चिमटा काढून कळ परत बसवायला वाकले, तसा दादाने त्यांचा हात धरला. "राहू दे. खिशात ठेव. पुस्तक संपेपर्यंत बाईंना कोणी गप्प करायचं नाही. मी नाही, आणि चहा विचारणारे तर मुळीच नाही."

मिस्त्रींनी कळ सदऱ्याच्या खिशात टाकली. दादाच्या बोटांनी चाचपत मधल्या कळीवरचा मणी शोधला.

"फौजदाराने सगळ्यांकडे पाहिले आणि तो म्हणाला स्वल्पविराम," मास्तरीणबाई काहीच झालं नसल्यासारख्या बोलू लागल्या.

"स्वल्पविराम म्हणायचा नसतो हो बाई," दादा म्हणाला, पण इतक्या हळू, की बाईंना वाईट वाटू नये.

मिस्त्री आज पायरीवर गेले नाहीत. छत्रीही घेतली नाही. सरळ खाटेवर, भावाच्या शेजारी बसले.

"खुनी याच खोलीत आहे पूर्णविराम. तो आहे डॉ पूर्णविराम."

"म्हटलं नव्हतं?" मिस्त्रींनी मांडीवर थाप मारली. "डॉक्टर!"

"गप! वाड्यात दोन डॉक्टर आहेत. नाव ऐकू दे!"

वरून जिन्यात बायकोची हाक आली. "अहो, जेवायला चला, भाऊजींनाही आणा. पानं वाढलीयत."

"जरा कळ काढ!" दोघे भाऊ एकदमच ओरडले.

 जिन्यातून बायको म्हणाली, "आता कुठली?"